परक्यांची पंगत

लोंढेबाईंवर माझा अजून राग आहे. माणूस गेल्यावर राग धरू नये म्हणतात. म्हणोत बापडे. बाई गेल्या तेव्हा मी सोलापुरात सरकारी दवाखान्यात नर्स होते. आज पेन्शनीत निघालेली म्हातारी आहे, गुडघे कुरकुरतात, चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही. पण जानेवारीचा पहिला आठवडा लागला की तो राग बरोबर उठून बसतो. एवढा जीव होता तर राग कसला, असं कुणी विचारलं तर मी सांगते, जीव होता म्हणूनच. नसता तर आठवण काढत बसायला मला काय दुसरी कामं नव्हती?

चर्चच्या आवारामागं आमची वस्ती. बैठ्या घरांच्या दोन ओळी, समोरासमोर. आमच्या उंबऱ्यावरून बाईंची चूल दिसायची आणि त्यांच्या खाटेवरून आमची भांडणं ऐकू जायची. बाईंचा नवरा रेल्वेत होता, तो लवकर गेला. पदरी एकच मुलगी, एस्तेर. बाई आमच्या शाळेत मराठी चौथीला शिकवायच्या, मलाही त्यांनीच शिकवलं. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, पांढऱ्या पातळाला बोटभर किनार, बारा महिने काखेत काळी छत्री. ऊन असो नसो, छत्री हवीच. ती उघडलेली मी फारशी पाहिली नाही, माणसं अडवायलाच तिचा उपयोग जास्त.

एक शौक होता, तपकिरीचा. चर्चमध्ये उपदेश लांबला की पदराआडून चिमूट नाकात जायची आणि अशी सणसणीत शिंक यायची की पाळकसाहेब लगबगीनं 'शेवटी एवढंच सांगतो' वर येऊन ठेपायचे. अख्खी मंडळी त्या शिंकेची वाट बघायची. पाळकसाहेब भले माणूस. त्यांनी एकदा बाईंना विचारलं, "बाई, तपकीर जरा कमी करता येईल का?" बाई म्हणाल्या, "येईल की. तुम्ही उपदेश कमी करा. काय?"

हे 'काय?' त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या शेपटाला असायचं. त्याला उत्तर द्यायचं नसतं हे आम्ही वर्गात पहिल्याच दिवशी शिकलो होतो.

बाईंचं माहेर कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीकडचं. वडील खेड्यापाड्यांतून पायी फिरून शुभवर्तमान सांगायचे. त्यामुळं बाईंना कानडी आपल्या मराठीइतकीच येई, आणि फार आनंद झाला किंवा फार राग आला की ती बाहेर पडे. त्या माहेराहून त्यांनी आणखी एक गोष्ट आणली होती, ती म्हणजे सहा जानेवारी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नाताळला येशूबाळ जन्मलं, ते जवळच्या मेंढपाळांना कळलं. पण दूर पूर्वेकडं तारे बघणारे मागी लोक होते. परक्या देशाचे, परक्या धर्माचे. त्यांना एक तारा दिसला, ते त्याच्यामागं चालत निघाले आणि बाळाच्या पायाशी सोनं, ऊद आणि गंधरस ठेवून गेले. देव फक्त आपल्या माणसांना नाही, बाहेरच्यांनाही प्रकट झाला, त्याची आठवण म्हणजे सहा जानेवारीचा प्रकटीकरणाचा सण. तिथून उपासाचे दिवस लागेपर्यंतचा तो सगळा काळ प्रकटीकरणाचा. आमच्या मंडळीत हे काही पाळत नसत. आमचं आपलं केक, करंज्या, नव्या वर्षाची उपासना, संपलं. दोन तारखेला चर्चवरची चांदणी खाली.

त्या चांदणीवरून बाईंची दरवर्षी लढाई. एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरचा. मंडळीचे सेक्रेटरी आढावसाहेब, शिस्तीचे गृहस्थ, कोटाच्या खिशाला दोन पेनं. त्यांनी शिडी लावून माणूस वर चढवला होता. बाई शाळेतून येत होत्या. त्यांनी छत्री शिडीच्या पायरीत अडकवली.

"कोण चढलंय वर? उतर खाली."

"बाई, नाताळ झाला," आढावसाहेब म्हणाले. "चांदणी दवानं भिजेल, फाटेल. जिलेटिन कागद फुकट येत नाही."

"पाहुणे अजून वाटेत हायत, आणि तुमी दिवा मालवताय?" बाईंचा आवाज चढला की गावाकडची बोली यायची. "लांबून चालत यायलेत ती माणसं. हितं पोचल्यावर काय सांगू त्यांना? आढावसाहेबांनी कागद वाचवला म्हणून?"

शिडीवरचा माणूस हसायला लागला आणि शिडी हलायला लागली. आढावसाहेबांनी चांदणी तशीच ठेवली, पण बाईंना माफ केलं नाही. असली माणसं विसरत नाहीत.

बाई आम्हाला म्हणायच्या, "नाताळात देव आपल्या घरी येतो. त्यात आपली काय मोठी करामत? प्रकटीकरणात आपल्याला उठून दार उघडावं लागतं, तेही ओळख नसलेल्या माणसाला. ख्रिस्ती माणसाची परीक्षा तिथं आहे. काय?" मी पुष्कळ उपदेश ऐकले, मोठमोठ्या पाहुण्या वक्त्यांचे ऐकले. त्या सणाचा अर्थ इतका सरळ मला कुणी सांगितला नाही. म्हणून तर राग येतो. अर्थ कळला नव्हता अशी सबब बाईंना नाही.

आणि नुसतं बोलून थांबणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. सहा तारखेला चर्चच्या व्हरांड्यात त्या पंगत घालत. आदल्या दिवसापासून गहू भिजत पडलेला, मोठ्या पातेल्यात हुग्गी रटरटतेय. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, गूळ आणि खोबरं घालून घट्ट शिजवलेली, त्यांच्या माहेरची. नियम एकच. आज जेवायला परके, वाढायला आपले. मंडळीतल्या कुणी पत्रावळीवर बसायचं नाही. आमंत्रणं करायला बाई स्वतः जात. आवाराच्या भिंतीपलीकडं साखर पेठेच्या बाजूला विणकरांची घरं होती, तिथले व्यंकटय्यामामा. नाक्यावरचे सायकलवाले करीमचाचा. रस्ता झाडणारी यल्लव्वा. आणि दरवर्षी वाटेत भेटतील ते.

पहिल्या वर्षी करीमचाचा पत्रावळीसमोर बसून हुग्गीकडं बघतच राहिले. "बाई, हमकू इसाई करने का इरादा तो नई ना?"

बाई म्हणाल्या, "वाटीभर हुग्गीनं कुणी ख्रिस्ती होत नाही हो चाचा. आमचे हे पंच बघा. जन्मभर प्रभूच्या मेजाला बसतायत, ते तरी कुठं झालेत?"

चाचा खो खो हसले. हातात बादली घेऊन उभ्या असलेल्या पंचांना हसावं की रडावं कळेना.

त्याच पंगतीत आढावसाहेब यल्लव्वापाशी येऊन थबकले. ती बिचारी कडेला, अंग चोरून बसलेली. साहेबांनी भाजीची बादली खाली ठेवली आणि म्हणाले, त्यांचं पोट बरं नाही, त्यांना जरा जायला हवं. आमच्यातही हे असतं बरं का. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडतं, मनात मुरायला पिढ्या लागतात. बाईंनी बादली उचलली, यल्लव्वाला वाढलं, आणि साहेब फाटकापर्यंत पोचायच्या आत मोठ्यानं म्हणाल्या, "बर्री, ये यल्लव्वा, व्हरांड्याच्या मधोमध बैस. कडेला बसायच्या लायकीचे होते ते गेले." मला तेव्हा वाटलं होतं, मोठी होऊन मी या बाईसारखी होणार. पंचविशी ओलांडली होती माझी, तरी असं वाटलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर परदेशी लाल ज्वारी, मिलो, मिळत होती आणि गव्हासाठी रांगा लागत होत्या. सगळ्यांनी समजावलं, बाई, यंदा राहू द्या. त्यांनी नाताळला घरात गोड केलं नाही, सणाचा गहू बाजूला काढून ठेवला. सहाला हुग्गी झाली. इतकी पातळ की वाटीतून प्यावी लागली. खडी फोडायच्या कामावरून माणसं आली होती, पायांना धुळीचे थर, बायकांच्या कडेला पोरं. पातेलं खरवडून झाल्यावर बाई पायरीवर बसल्या. मी म्हटलं, "तुम्हाला काही उरलं का?" तर म्हणाल्या, "पोट भरलं गं. काय?" आणि डोळे पुसले. ते डोळे खरे होते. नाटक बाईंना येत नव्हतं. या गोष्टीचा सगळा घोळ तिथंच आहे. बाई ढोंगी असत्या तर मी त्यांना केव्हाच विसरून गेले असते.

व्यंकटय्यामामांबरोबर त्यांचा मधला मुलगा यायचा, श्रीनिवास. लहान होता तेव्हापासून. मग मिसरूड फुटलं, यंत्रमागावर कामाला लागला, तरी सहा तारीख चुकवायचा नाही. जेवण झालं की बाह्या सरसावून भांडी घासायला बसायचा. बाईंचं त्याच्यावर फार लक्ष. एस्तेर वाढायला असायचीच, दोन वेण्या, हातात ओगराळं. बाई तिला ओरडून सांगायच्या, "याला आणखी वाढ गं एस्तू, पोरगं लाजतंय!" एस्तेर वाढायची. दरवर्षी वाढायची. पुढं ती शिकून शाळेत मास्तरीण झाली तरी वाढायची. बाईंना सोडून सगळ्या वस्तीला दिसत होतं की आता पोरगं लाजत नाही.

दोघांनी सांगितलं ते दिवाळीनंतर. श्रीनिवास बाईंच्या घरी आला आणि उंबऱ्याच्या आत खाली बसला. मी माझ्या दारात तांदूळ निवडत होते. ऐकू यायला कान लावावा लागत नव्हता.

"बाई, आमाला लगीन करायचंय," तो म्हणाला. "तुमी हो म्हना."

मग बाईंचा आवाज. "बाप्तिस्मा घेशील?"

"आईबापाला तोडून न्हाई जमनार बाई. पन एस्तेरला मी काय सोड म्हननार न्हाई. ती तिच्या चर्चला जाईल, मी सोता सायकलवर सोडीन."

"ऊठ," बाई म्हणाल्या.

"आई, ऐक तरी," एस्तेर म्हणाली. "तूच त्याला बोलावलंस ना? तूच म्हणायचीस ना, याला वाढ म्हणून?"

"जेवायला बोलावलं होतं," बाई म्हणाल्या. "परका आत यावा म्हणून दार उघडलं होतं मी. आपलं माणूस बाहेर जावं म्हणून नाही. ऊठ रे. आणि तू जाणार असशील तर तूही ऊठ."

त्या वाक्याला 'काय?' नव्हतं.

दोघांनी कोर्टात सह्या करून लग्न केलं. व्यंकटय्यामामांच्या घरातही आदळआपट झाली. मामींनी चार दिवस चूल पेटवली नाही असं ऐकलं. पण पाचव्या दिवशी पेटवली आणि सुनेला शेजारी बसवून घेतलं. आता सांगा, त्या मामींना प्रकटीकरणाचा सण माहीत होता का?

आढावसाहेब बाईंचं सांत्वन करायला आले. असं सांत्वन की चेहऱ्यावर लाडू फुटत होते. "बाई, तुमची पंगत अंगाशी आली," म्हणाले. आम्ही सगळ्या बायका दारादारांतून बघत होतो. आता बाई छत्री उचलणार, आता याच्या तोंडावर शिंकणार, अशी आशा. बाई म्हणाल्या, "मंडळीच्या यादीतून तिचं नाव काढा. रविवारी वाचून दाखवा."

असली शिक्षा आमच्याकडं वर्षानुवर्षं कुणी कुणाला दिली नव्हती. पाळकसाहेब धावत आले. "बाई, मुलीनं ख्रिस्ताला सोडलेलं नाही. ती रविवारी येऊन बसली तर मी काय दार लावून घेऊ?"

"लावा," बाई म्हणाल्या.

पाळकसाहेबांना कणा थोडा कमी होता. नाव वाचलं गेलं. वाचताना त्यांचा आवाज चिरकला. चर्चमध्ये पेटी बाईच वाजवायच्या, त्या रविवारीही पेटीवर त्याच होत्या. नाव वाचून होताच त्यांनी पुढच्या गीताचा सूर धरला, एकही पट्टी चुकली नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. न बोलावता. म्हटलं, "बाई, मग त्या मागी लोकांचं काय? इतकी वर्षं आमच्या कानीकपाळी ओरडलात ते काय होतं?"

बाई भाकरी थापत होत्या, थापायच्या थांबल्या नाहीत. "ते आले, पाया पडले आणि आपल्या देशी परत गेले. कुणाची लेक घेऊन गेले नाहीत. काय?"

मी तशीच परत आले आणि नवऱ्यावर ओरडले. उत्तर पुढं सुचलं, फार उशिरा. ते परत गेले खरे, पण आल्या वाटेनं गेले नाहीत, दुसरी वाट धरली. ज्यानं बाळ पाहिलं त्याला जुन्या वाटेनं घरी जाता येत नाही. आणि बाई, तुम्ही जन्मभर पाहुण्यांची वाट पाहिलीत, पण पाहुणे आल्यावर तुमचं घर जरासुद्धा हललेलं तुम्हाला चालणार नव्हतं. जेवून, हात धुऊन, सलाम करून परत जाणारा परकाच तेवढा तुमच्या लाडाचा. हे मी आता इथं कागदावर म्हणतेय, त्यांच्या तोंडावर म्हणायला हवं होतं.

पंगत मात्र थांबली नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी विणकरांना बोलावणं गेलंच नाही. दुसऱ्या वर्षी गेलं. व्यंकटय्यामामा सोडून बाकीच्यांना. तरी मामा आले. धोतर, टोपी, नेहमीच्या जागेवर येऊन बसले. कुणी उठवायचं? मी वाढायला होते, माझ्याकडं शेंगाचटणी. रांग भरत आली होती आणि एस्तेर फाटकातून आत आली. कडेवर तान्हं मूल. कपाळावर लहानसं कुंकू, गळ्यात काळी पोत, आणि त्या पोतीखाली तिचा जुना, बाईंनीच दिलेला क्रूस. ती सरळ येऊन सासऱ्याच्या शेजारी पत्रावळीवर बसली. मूल मांडीत घेतलं.

आढावसाहेब पुढं झाले. "एस्तेर, हे जेवण मंडळीबाहेरच्यांसाठी असतं."

"म्हणूनच आले साहेब," ती म्हणाली. "तुम्हीच यादीतून नाव काढलंत ना? मंडळीबाहेरची आहे मी. बसू नको?"

साहेब मागं सरले. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मनात म्हटलं, शाब्बास, बाईंची लेक शोभतेस. बाईंचा नियम बाईंनाच बांधणार. आपली म्हणाल तर घरात घ्या, परकी म्हणाल तर वाढा. तिसरी वाट नाहीच.

बाई हुग्गीचं पातेलं घेऊन रांगेच्या त्या टोकाला होत्या. सगळं ऐकलं त्यांनी. एकेकाला वाढत येऊ लागल्या. करीमचाचांना वाढलं. यल्लव्वाला वाढलं. व्यंकटय्यामामांपाशी आल्या, ओगराळं भरलं, त्यांनाही वाढलं. मग एस्तेरपाशी आल्या. एस्तेरनं मान वर करून पाहिलं. मूल बाईंच्या पातळाची किनार ओढत होतं. ती किनार बाईंनी त्याच्या मुठीतून सोडवली, हळूच, नीट, एकेक बोट सोडवून. आणि पुढच्या माणसाला वाढलं.

हातातली चटणी हातातच राहिली. सबंध रांग आपापल्या पत्रावळीकडं बघत होती. मग व्यंकटय्यामामांनी आपली पत्रावळ सुनेपुढं सरकवली. ती नको नको म्हणाली, उठली, मुलाला कडेवर घेतलं. मामाही उठले. त्यांनी बाईंना हात जोडले, ते सुद्धा मनापासून, आणि म्हणाले, "बाई, लई वर्सं जेवलो तुमच्याकडं. आता बास."

करीमचाचांनी हुग्गीत घातलेला हात बाहेर काढला. "चलो," म्हणाले, कुणाला तरी. यल्लव्वा तेवढी बसून राहिली, ती भुकेली होती.

पुढच्या सहाला बाईंनी पुन्हा घरोघरी आमंत्रणं केली. गहू भिजवला, हुग्गी केली, व्हरांड्यात पत्रावळी मांडल्या. कुणी आलं नाही. वाटेवरचा एकही माणूस आला नाही. साखर पेठेत असल्या गोष्टी पसरायला वेळ लागत नाही. दुपारी उन्हं कलल्यावर बाईंनी हुग्गी वस्तीतल्या आम्हालाच वाटून टाकली. मी घेतली नाही. त्यांनीही विचारलं नाही.

त्यानंतर बाई खचल्या. शाळेतून निवृत्त झाल्या. पेटी दुसरी मुलगी वाजवू लागली. उपदेश लांबू लागले, शिंक येईना. एस्तेर वस्तीच्या फाटकावरून शाळेत जायची तेव्हा बाई खिडकीत उभ्या असायच्या, हे सगळ्यांना माहीत होतं. एस्तेरलाही. ती पावलं हळू टाकायची. खिडकीतून हाक यायची नाही.

छातीत पाणी झालं म्हणून त्यांना दवाखान्यात आणलं ते माझ्याच वॉर्डात. महिना जानेवारीचाच, सहा तारीख होऊन गेलेली, शहरात गड्ड्याची जत्रा भरलेली, वॉर्ड भरलेला. बाईंना धाप लागायची, उशा रचून बसवावं लागे. मी एस्तेरला निरोप धाडला. बाईंना न विचारता धाडला आणि मला त्याचं काही वाटत नाही.

भेटीच्या वेळेला ती आली. बरोबर मुलगी, फ्रॉक घातलेली, चांगली बोलती झालेली. एस्तेर दारातच थांबली, पोरीला मात्र कळत नव्हतं थांबायचं. ती खाटेपाशी गेली आणि लोखंडी दांडा धरून उभी राहिली.

"नाव काय तुझं?" बाईंनी विचारलं.

"पद्मा."

"कुणाची तू?"

पोरीनं मागं वळून एस्तेरकडं बोट केलं. बाईंनी त्या बोटाच्या दिशेनं पाहिलं. मायलेकी एकमेकींकडं पाहत होत्या आणि मी सलाईनची नळी उगीच तपासत होते. मनात म्हणत होते, बोला बाई, काही तरी बोला.

"लीले," बाई मला म्हणाल्या, "भेटायची वेळ झाली असंल. बाहेरच्या माणसांना बाहेर काढ."

वेळ झाली नव्हती. एस्तेरनं पुढं होऊन पोरीचा हात धरला आणि ती निघाली. मी तिच्यामागं जिन्यापर्यंत गेले. ती रडत नव्हती. म्हणाली, "लीलाताई, आता मी आपणहून येणार नाही. पंगतीला आले, इथं आले, किती वेळा यायचं? पण आईनं बोलावलं तर धावत येईन. नुसतं 'ये' म्हणाली तरी पुरे."

मी परत आले. बाई डोळे मिटून होत्या. जरा वेळानं विचारलं, "गेल्या?"

"गेल्या."

"पोरीचं जावळ दाट आहे." मग पुष्कळ वेळ धाप. मग, "उद्या येतील का गं?"

माझा संयम सुटला. आजारी माणसाशी बोलू नये तसं बोलले. "नाही यायच्या. तुम्ही बोलावल्याशिवाय नाही यायच्या. तिनं सांगितलंय मला. एक शब्द बोला बाई, आत्ताच्या आत्ता वॉर्डबॉयला सायकलवर धाडते, अर्ध्या तासात ती इथं हजर होईल. बोलावू?"

बाईंनी तोंड उघडलं. मला वाटलं, आलं ओठावर. मी वाकले. त्यांनी ओठ मिटले आणि चादर छातीपर्यंत ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला जवळ बोलावून केस विंचरून घेतले. मी वेणी घातली, तोंड पुसलं, पातळ बदललं. उशा अशा लावून मागितल्या की तोंड दाराकडं होईल. मी पुन्हा विचारलं, "धाडू का कुणाला?" त्यांनी दाराकडं बघत पदर सारखा केला. भेटीची घंटा झाली. माणसं आत यायला लागली, कुणी भाकरीचं फडकं घेऊन, कुणी मोसंबी, कुणी जत्रेतला चिवडा. दारात पाऊल वाजलं की बाईंची मान उचलायची. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीकडं तिचं अख्खं गाव लोटलं होतं. बाईंच्या खाटेशी कुणी थांबलं नाही. वेळ संपल्याची घंटा झाली, वॉर्ड रिकामा झाला. माझी पाळी संपली होती, मी निरोप घ्यायला गेले. जिवंत पाहिलं ते तेव्हाच शेवटचं.

बाईंनी माझा हात धरला. "बघितलंस ना लीले," त्या म्हणाल्या, "नाही आली ती."